संगणकातील ठेव आणि तिची दुसरी प्रत



या वेळचा धडा संगणकाचा आहे म्हणून पान उलटू नका. संगणक कसा चालतो हे आपणांस येथे शिकावयाचे नाही. त्यात जे ठेवले आहे ते नाहीसे होऊ नये म्हणून घरच्या घरी काय करावयाचे, एवढेच पाहावयाचे आहे.

आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी एके काळी एक पत्र्याची ट्रंक होती. तीत आजोबांचा रेवदंड्याच्या घरासमोर काढलेला फोटो, आईवडिलांचा केतुबा, मुंबईच्या शाळेचा दाखला, इकडे येतानाची कागदपत्रे आणि मेंदीच्या रात्री घरच्या बायकांनी म्हटलेल्या गाण्यांची एखादी कॅसेट असे सारे असे. गेल्या पंधरा-वीस वर्षांत मुलानातवंडांनी यातले बरेचसे स्कॅन करून संगणकात घातले. काम चांगले झाले. पण त्यानंतर घर बदलले, अल्बम कोणी पाहावयास नेले ते परत आले नाहीत, कॅसेट वाजविण्याचे यंत्र मोडले. आता अशी स्थिती आहे की, जिला आपण नक्कल समजत होतो तीच पुष्कळ घरांत अस्सल होऊन बसली आहे आणि तिला दुसरी प्रत नाही.

दुसरी प्रत करून ठेवणे यालाच बॅकअप म्हणतात. या बाबतीत एक नियम जगभर सांगितला जातो. अमेरिकन छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी तो रूढ केला. एकूण तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांतली एक घराबाहेर असावी. नियम पाठ करावयास सोपा आहे, पण वर्गात पाढे म्हणणारी सगळीच मुले गणित सोडवीत नाहीत हे मी पुष्कळ वर्षे पाहिले आहे. म्हणून नियमामागचा प्रश्न ध्यानात घ्या. प्रत्येक प्रतीला विचारावयाचे : पहिलीवर जी आपत्ती येईल, तीच तुझ्यावरही त्याच वेळी येईल काय? उत्तर 'होय' आले तर ती दुसरी प्रत नव्हे, मग ती कितीही महागड्या डबीत असो.

हा प्रश्न प्रथम आपल्या फोनला विचारू. "माझे फोटो आपोआप क्लाउडमध्ये जातात, मला कसली काळजी?" असे पुष्कळजण म्हणतात. येथे दोन निरनिराळ्या गोष्टींना आपण एकच नाव देतो. एक आहे सिंक, दुसरी बॅकअप. सिंक म्हणजे आरसा. आरशापुढे डोक्यावरची टोपी काढली की आरशातलीही टोपी जाते. फोनवर फोटो पुसला की क्लाउडमधलाही पुसला जातो, आणि त्याच खात्याला जोडलेल्या टॅबलेटवरचा व संगणकावरचाही. नातवाच्या हातून खेळता खेळता एक फोल्डर पुसले गेले तर तीन ठिकाणचे तीन फोल्डर एका बोटाने जातात. कचरापेटीत ते काही दिवस पडून असते खरे. गूगल ड्राइव्ह आणि आयक्लाउड फोटो येथे साधारण ३० दिवस, तर गूगल फोटोजमध्ये क्लाउडवर चढलेल्या चित्रांसाठी ६० दिवस. पण पुसल्याचे ध्यानात येते केव्हा? कोणाचे लग्न निघाले, जुना फोटो हवा झाला, तेव्हा. तोवर सहा महिने उलटलेले असतात.

याच्या उलटही एक फसगत आहे. फोन भरला की 'जागा मोकळी करा' असे बटण दाखविले जाते. ते दाबले की क्लाउडवर चढलेले फोटो फोनमधून काढले जातात. क्लाउडमध्ये ते राहतात, पण आता तेथे मात्र एकच प्रत राहिली. शिवाय चढविताना जागा वाचविण्याची सोय निवडलेली असेल तर मोठी चित्रे लहान करून ठेवलेली असतात. व्हॉट्सॲपवरून आलेला फोटोही असाच दाबून लहान केलेला असतो. मुंबईच्या भावाकडून जुना फोटो मागवावयाचा असेल तर त्यास 'डॉक्युमेंट म्हणून पाठव' असे सांगावे, म्हणजे तो जसाच्या तसा येतो.

म्हणून एक प्रत अशी हवी की जिला आपले बोट सहज लागणार नाही. यासाठी बाहेरून जोडावयाची हार्ड डिस्क घ्यावी. एक किंवा दोन टेराबाइटची साधारण घराला पुष्कळ होते. विंडोजमध्ये 'फाइल हिस्टरी' आणि मॅकमध्ये 'टाइम मशीन' ही सोय आधीच असते, वेगळे काही विकत घ्यावे लागत नाही. यांचा गुण असा की, त्या फाइलची आजची प्रत ठेवतात तशीच पूर्वीचीही ठेवतात. मजकूर चुकून बिघडविला तर मागच्या महिन्यातला परत काढता येतो. फोनमधले फोटो मात्र तारेने संगणकावर उतरवून घ्यावे लागतात, तेही याच वेळी करावे.

काम संपले की डिस्क काढून ठेवावयाची. हे फार महत्त्वाचे आहे. २०१७ च्या मे महिन्यात 'वॉनाक्राय' नावाचा उपद्रवी प्रोग्राम जगभर पसरला. तो फाइलींना कुलूप घालून किल्लीसाठी पैसे मागत असे. असे प्रोग्राम संगणकाला जोडलेली डिस्कही सोडत नाहीत. जी जोडलेलीच नाही तिला ते काय करणार? महिन्यातून एकदा जोडावी, प्रत करावी, काढावी. कधी करावयाचे ते विसरत असाल तर रोश होदेशचा दिवस धरावा; दिनदर्शिका घरात असतेच.

पेन ड्राइव्हचा मात्र भरवसा धरू नये. ती निरोप्यासारखी आहे. इकडची वस्तू तिकडे न्यावयास चांगली, सांभाळावयास नव्हे. घरी भरलेल्या सीडी-डीव्हीडीही काही वर्षांत वाचता येईनाशा होतात, आणि नव्या संगणकांना त्या घालावयास जागाच नसते. कपाटात अशा चकत्या असतील तर त्यांतले याच वर्षी डिस्कवर उतरवून घ्या.

आता छताचा विचार. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. तळमजल्यावरच्या घरांत पाणी शिरले, तेव्हा संगणक आणि त्याच टेबलाच्या खणातले कागद दोन्ही एकाच पाण्यात भिजले. इकडची गोष्ट सांगावयास नको. २०२५ च्या जूनमध्ये बीरशेबा, बाट याम, रेहोवोत, रामात गान येथील राहत्या इमारतींवर क्षेपणास्त्रे पडली. अशा वेळी माणूस घरातली माणसे मोजतो, त्याला डिस्क आठवत नाही, आणि तेच योग्य आहे. म्हणूनच एक डिस्क आधीपासून दुसऱ्या गावी असावी. दोन डिस्क घ्याव्यात. तुम्ही अशदोदला आणि मुलगी दिमोनाला असेल तर एक तुमच्याकडे, एक तिच्याकडे. सणाला भेट झाली की अदलाबदल करावी. तिच्याही घरची डिस्क तुमच्या कपाटात राहू द्यावी, म्हणजे उपकार कोणावर नाही. पुण्यात १८७४ साली मराठी भाषांतरासह छापलेली हगादा आज आपणांस पाहावयास मिळते. मला वाटते, कोणी एकाने ती फार जपली यापेक्षा तिच्या प्रती निरनिराळ्या घरांत गेल्या, हेच त्याचे मोठे कारण असावे.

ज्यांची मुले जवळपास नाहीत त्यांना क्लाउड उपयोगी. क्लाउड म्हणजे ढग, पण यात आकाशातले काही नाही. कुठल्याशा गावी एक मोठी इमारत असते, तीत हजारो संगणक असतात, त्यांतल्या काहींवर आपल्या फाइली असतात. इमारत म्हटली की तीही जळू शकते. २६ सप्टेंबर २०२५ रोजी दक्षिण कोरियात देजॉन येथील सरकारी संगणक केंद्राला आग लागली. सरकारी नोकरांनी आपले कामाचे कागद जेथे ठेवावेत म्हणून सांगितले होते, तो 'जी-ड्राइव्ह' त्यात गेला. ८५८ टेराबाइट माहिती, आणि तिची बाहेर कोठे प्रत नव्हती, कारण एवढ्या मोठ्या साठ्याची प्रत करणे जमत नाही असे म्हणून ती केलीच नव्हती. आगीशिवायही माहिती जाते. 'मायस्पेस' या संकेतस्थळाने २०१९ मध्ये जाहीर केले की, सामान एका यंत्रावरून दुसऱ्यावर हलविताना लोकांनी बारा वर्षांत चढविलेली गाणी गेली. म्हणून क्लाउड अवश्य घ्यावा, पण तिसरी प्रत म्हणून. एकुलती एक प्रत म्हणून नव्हे.

तो घेताना पुष्कळजण पहिल्याच दिवशी कंटाळून सोडून देतात. कारण गणित आधी केलेले नसते. हे आपले शाळेतले नळ-टाकीचेच उदाहरण आहे. घरातल्या इंटरनेटला दोन नळ असतात, बाहेरून घरात येणारा जाड आणि घरातून बाहेर जाणारा पुष्कळदा बारीक. जाहिरातीत जाड नळाचा आकडा छापतात. आपणांस येथे हवा बारीक नळाचा. समजा, फोटो आणि चलत्‌चित्रे मिळून २०० गिगाबाइट आहेत, आणि बाहेर जाणारा वेग सेकंदाला १० मेगाबिट आहे. एका बाइटमध्ये ८ बिट. म्हणजे २०० गिगाबाइटचे झाले १६,००,००० मेगाबिट. भागिले १०, म्हणजे १,६०,००० सेकंद. तासाचे सेकंद ३,६००. उत्तर सुमारे साडेचव्वेचाळीस तास. रविवारी सकाळी आठ वाजता सुरू केले तर मंगळवारी पहाटे संपेल, मध्येच शब्बात येत नाही. ते एकदाच करावयाचे असते. पुढे फक्त नवीन भर पडते. फुकटची जागा थोडी असते, गूगलची १५ गिगाबाइट, ॲपलची आणि मायक्रोसॉफ्टची ५. त्यापुढे महिन्याला पैसे. ते क्रेडिट कार्डातून जातात आणि कार्ड बदलले की थांबतात, हे घरात दुसऱ्या कोणाला तरी ठाऊक असू द्या.

येथवर जे सांगितले ते कोणत्याही भाषेच्या माणसाला लागू आहे. आता आपल्या मराठीची एक वेगळी अडचण सांगते, कारण ती दुसरा कोणी सांगणार नाही.

२००० सालाच्या आगेमागे आपल्यापैकी ज्यांनी संगणकावर मराठी लिहिले, त्यांनी श्री-लिपी, आकृती, शिवाजी, कृतिदेव अशा फाँटांत लिहिले. कोणी कुटुंबाची हकीकत लिहिली, कोणी वंशावळ, कोणी आईकडून ऐकलेली गाणी. या फाँटांची युक्ती अशी होती की, फाइलीत साठविलेली असत ती इंग्रजी कळांची चिन्हे, आणि फाँट त्यांना नुसता मराठीचा पोशाख घालीत असे. तो फाँट नव्या संगणकात नसला की पोशाख उतरतो आणि पानभर निरर्थक इंग्रजी अक्षरे दिसतात. फाइलीची प्रत अगदी बिनचूक झालेली असते, एक बिटही हरवलेला नसतो, तरी वाचता एक ओळ येत नाही. मुलाला वाटते फाइल बिघडली, आणि तो ती पुसून टाकतो!

याला उपाय आहे. जुना संगणक चालू आहे तोवर अशी प्रत्येक फाइल त्यावर उघडून पीडीएफ करून ठेवावी. पीडीएफमध्ये फाँट आत बसविता येतो, त्यामुळे पान कोठेही जसेच्या तसे दिसते. जुना संगणक गेला असेल तर तो फाँट मिळवून नव्या संगणकात घालावा, म्हणजे अक्षरे परत दिसू लागतात. त्यानंतर मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्यावा. असे बदलणारे प्रोग्राम मिळतात, मात्र बदललेले पान मुळाशी ताडून वाचावे लागते. जोडाक्षरे आणि रफार हमखास जागा सोडतात. आडनावे तर दोनदा तपासावीत. हे काम नातवंडांवर सोपविता येणार नाही, कारण चूक कोणती हे त्यांना कळणार नाही. ते आपल्याच पिढीने करावयाचे आहे.

त्यावरून नावांची गोष्ट निघते. फाइलीचे नाव 'आयएमजी २०४१' असेल तर ती जपूनही उपयोग नाही. 'आईचा फोटो' हेही नाव पुरत नाही, कारण पन्नास वर्षांनी आई कोणाची? नावात आधी वर्ष घालावे, मग माणसाचे पूर्ण नाव, मग गाव. वर्ष नक्की नसेल तर 'सुमारे १९६०' असे लिहावे. खोटी तारीख घालू नये. नाव इंग्रजी अक्षरांत घातले तर कुठल्याही संगणकावर शोधता येते. आणि प्रत्येक फोल्डरमध्ये एक साधा कागद, म्हणजे साधी मजकुराची फाइल, ठेवावी, तीत कोण कोठे बसले आहे ते मराठीत आणि हिब्रूत लिहावे. आपली नातवंडे हिब्रू वाचतात. फोटोच्या पाठीवर पेन्सिलीने काही लिहिलेले असेल तर पाठही स्कॅन करावी. पुष्कळ वेळा फोटोपेक्षा पाठच अधिक बोलते.

छत झाले, भाषा झाली, राहिली किल्ली. ओळखीच्या एका बाईंचे यजमान वारले. घरातले सगळे फोटो त्यांच्या फोनमध्ये आणि त्यांच्या खात्यात. फोनचा आकडा कोणालाच ठाऊक नाही. प्रती दोन होत्या, एक फोनवर आणि एक क्लाउडवर, पण दोन्हींची किल्ली एकाच माणसाच्या डोक्यात होती. आपला तो प्रश्न येथेही विचारावयास हवा होता.

खात्याला दोन पायऱ्यांचे कुलूप लावलेले असते, पासवर्ड आणि फोनवर येणारा आकडा. ते लावावेच. पण फोन हरवला, किंवा खाते पूर्वी मुंबईच्या नंबरावर उघडले होते आणि तो नंबर बंद पडला, तर आपणच बाहेर राहतो. गूगल अशा वेळेसाठी दहा राखीव आकडे देते; एक आकडा एकदाच चालतो. ते कागदावर छापून घ्यावेत. व्हॉट्सॲपच्या बॅकअपला स्वतंत्र पासवर्ड घातला असेल, किंवा डिस्कला कुलूप घातले असेल, तर तेही कागदावर लिहावे. विसरल्यास कंपनीसुद्धा ते उघडू शकत नाही. हा कागद संगणकाजवळ ठेवू नये. लिफाफ्यात घालून मृत्युपत्राबरोबर ठेवावा.

आपल्यामागे खाते कोणाकडे जावे हेही आधी सांगून ठेवता येते. गूगलमध्ये 'निष्क्रिय खाते व्यवस्थापक' म्हणून सोय आहे. खाते तीन, सहा, बारा किंवा अठरा महिने, आपण ठरवू तितके दिवस वापरले गेले नाही की, आपण नेमलेल्या माणसाला, अशी दहापर्यंत माणसे नेमता येतात, कळविले जाते आणि आपण परवानगी दिली असेल ते त्याला उतरवून घेता येते. ॲपलने २०२१ मध्ये अशीच वारसाची सोय दिली. त्यात एक गुप्त किल्ली आणि मृत्यूचा दाखला लागतो. हे नुसते सोयीचे म्हणून सांगत नाही. २०२३ च्या डिसेंबरपासून गूगलचा नियम असा आहे की, वैयक्तिक खाते दोन वर्षे कोणी उघडले नाही तर ते आतल्या सामानासह पुसले जाऊ शकते. दोन वर्षे म्हणजे घरात शोक आवरून, कागदपत्रे उरकून, फोटोंची आठवण होईपर्यंत सहज जातात.

शेवटचे काम ताळ्याचे. गणित सुटले तरी ताळा करून पाहावा लागतो, तसेच येथे. संगणक 'प्रत पूर्ण झाली' असे दाखवितो, त्यावर विसंबू नये. वर्षातून दोनदा, नव्याच्या सणाआधी आणि पेसाहच्या साफसफाईत कपाटे रिकामी होतातच तेव्हा, दोन्ही डिस्क आणि क्लाउड या तिन्ही ठिकाणांहून दोन-चार फाइली काढून पाहाव्यात, आणि त्या आपल्या नव्हे तर दुसऱ्याच्या संगणकावर उघडाव्यात. एक फोटो, एक मराठी मजकूर, एक गाणे. गाणे शेवटपर्यंत ऐकावे. अर्धवट उतरलेली फाइल सुरुवातीला नीटच वाजते.

ताळा जुळला नाही तर त्या डिस्कवरचे घाईने पुसू नये. दुसऱ्या प्रतीवरून नव्या डिस्कवर नवी प्रत करावी, ती तपासावी, मगच जुनी बाजूला काढावी. आणि डिस्कमधून टकटक आवाज येऊ लागला तर पुन्हा पुन्हा जोडून पाहू नये. तार काढावी, आणि तीवरचे दुसरीकडे कोठे नसेल तर माहिती परत काढून देणाऱ्या जाणकाराकडे ती तशीच न्यावी.